घराण्याचं बीपी आणि देशाचं बीपी

गेल्या भाऊबीजेला ओवाळणं झालं, फराळ झाला, आणि आत्याने पिशवीतून बीपीचं मशीन काढलं. टेबलावर एका बाजूला चिवड्याचा डबा, दुसऱ्या बाजूला दंडाला बांधायचा कफ आणि त्याची नळी. एकेकाने बाही वर करायची आणि आत्याने आकडा मोठ्याने वाचायचा. तिचं स्वतःचं गोळी चालू असूनही १४८/९०. बाबांचं १४४. माझं १३८. आईचं मात्र ११८/७४, आणि आई या घरात सून म्हणून आलेली. "बघ," आत्या म्हणाली, "आपल्या घराण्यातच आहे हे. तू कितीही पळ, चुकायचं नाही."

आत्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. उरलेलं अर्धं खरं नाही, आणि ते खरं मानल्यामुळे माणसं वेळेआधीच हात टेकतात. म्हणून हा विषय जरा सावकाश उलगडून सांगावासा वाटतो.

गोंधळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकात मिसळल्यामुळे. पहिला प्रश्न: एकाच घरात, एकाच कढईतलं खाऊन आत्याचं १४८ आणि आईचं ११८ का? दुसरा: जगातल्या काही समाजांमध्ये निम्म्या प्रौढांना बीपी असतं आणि काही समाजांमध्ये म्हातारपणीही ते जवळजवळ कुणालाच नसतं, हे का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जनुकांचा वाटा मोठा आहे. दुसऱ्याच्या उत्तरात, आजवर हाती आलेल्या पुराव्यावरून, तो लहान आहे. आपण पहिल्याचं उत्तर उचलून दुसऱ्याला चिकटवतो आणि म्हणतो, 'त्या लोकांच्या रक्तातच आहे', 'आपल्या भारतीयांच्या जीन्समध्येच आहे'.

रोजचं दीड किलो मीठ

बीपी म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं. पण दाब वर्षानुवर्षं किती राहणार हे ठरवण्यात सगळ्यात मोठा हात मूत्रपिंडांचा, म्हणजे किडनीचा. दोन किडन्यांमधून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यात विरघळलेलं मीठ मोजलं तर जवळजवळ दीड किलो भरतं. वाण्याकडची मिठाची एक किलोची पिशवी आणि वर अर्धी, इतकं मीठ रोज रक्तातून गाळणीत उतरतं आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त पुन्हा रक्तात ओढून घेतलं जातं. बाहेर जातं ते साधारण आपण खाल्लं तेवढंच, आठ-दहा ग्रॅम.

या हिशेबात नुसता अर्धा टक्का इकडेतिकडे झाला तर रोज सात ग्रॅमच्या वर मीठ अंगात जास्त साठेल. मिठामागे पाणी येतं, पाण्याने रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब चढतो. दाब चढला की किडनीला जादा मीठ बाहेर ढकलता येतं आणि हिशेब पुन्हा जुळतो. म्हणजे ज्या किडनीला मीठ सोडणं जड जातं तिला ते काम करायला जास्त दाब लागतो, आणि तो जास्तीचा दाब पुढे मेंदूच्या आणि हृदयाच्या नाजूक रक्तवाहिन्यांना भोगावा लागतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत लुईस डाल यांनी १९६० च्या सुमारास निवडक पैदाशीतून उंदरांची दोन घराणी तयार केली. एका घराण्याला खारट खाणं दिलं की दाब भराभर चढायचा, दुसऱ्याला तेच खाणं देऊनही फारसा फरक पडायचा नाही. पुढे या दोन घराण्यांमध्ये किडन्यांची अदलाबदल केली, तेव्हा दाब किडनीच्या मागे गेला. माणसांतही असंच दिसलं. १९८३ साली अमेरिकेतल्या सहा कृष्णवर्णीय रुग्णांची हकिगत प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षांच्या बीपीने त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. ज्यांना बीपी नव्हतं अशा दात्यांच्या किडन्या त्यांना बसवल्या आणि त्यांचा दाब सामान्य झाला, पुढे काही वर्षं तसाच राहिला.

जनुकांचा सगळ्यात स्वच्छ पुरावाही किडनीतूनच आला. १९६३ मध्ये ग्रँट लिडल या डॉक्टरांनी एका कुटुंबाची नोंद केली. त्यात कोवळ्या वयातच भावंडांचं बीपी भयंकर वाढलेलं होतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं होतं. त्याचं कारण सापडायला १९९४ उजाडलं. किडनीच्या नळीच्या शेवटच्या टप्प्यात, पेशींच्या पृष्ठभागावर सोडियमची बारीक दारं असतात. मिठाची गरज असेल तेव्हा ही दारं बाहेर मांडली जातात, गरज संपली की पेशी ती आत ओढून घेते. लिडलच्या आजारात दार आत ओढायची कडीच डीएनएतल्या बदलामुळे तुटलेली असते. दारं बाहेर राहतात, उघडी राहतात, आणि मीठ आत येतच राहतं. अमिलोराइड नावाचं साधं औषध हीच दारं बुजवतं, म्हणून या कुटुंबांना ते लागू पडतं.

रिचर्ड लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी आणखी कुटुंबं शोधली, काही बीपी फार चढणारी, काही फार उतरणारी. वेगवेगळी जनुकं सापडली, पण प्रत्येकाची वाट किडनीतल्या मिठाच्या हिशेबापाशी येऊन पोचत होती. २००८ मध्ये त्यांनी फ्रेमिंगहॅम या गावात पिढ्यानपिढ्या चाललेल्या प्रसिद्ध अभ्यासातल्या लोकांची तीन जनुकं तपासली. साधारण साठातल्या एकाकडे मीठ थोडं जास्त सोडून देणारा दुर्मीळ बदल होता. त्यांना कसलाही त्रास नव्हता, फक्त त्यांचा दाब आयुष्यभर इतरांपेक्षा कमी राहत होता. त्यांच्या डीएनएने त्यांना जन्मापासूनच बीपीची सौम्य गोळी चालू करून दिली होती.

हजारो बारीक वाटे

पण आत्याचं बीपी लिडलच्या आजारातलं नाही. तुमचंही बहुतेक नसेल, तशी कुटुंबं फार थोडी.

आत्याच्या प्रकारच्या बीपीवरून इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात मोठा वाद झाला होता. रॉबर्ट प्लॅट म्हणत, हा एका जनुकाने येणारा वेगळा आजार आहे. एकतर तो तुमच्यात असतो, नाहीतर नसतो. जॉर्ज पिकरिंग म्हणत, तसं काही नाही. बीपी उंचीसारखं असतं, बुटक्यापासून ताडमाडापर्यंत सलग, आणि कुठल्यातरी आकड्यावर रेघ मारून आपणच पलीकडच्यांना आजारी म्हणतो. पिकरिंग बरोबर निघाले, आणि किती बरोबर ते आता संगणकाने मोजून दाखवलं आहे. २०११ मध्ये दोन लाख लोकांच्या डीएनएची चाळणी केली तेव्हा दाबाशी नातं असलेल्या २९ जागा पक्क्या झाल्या. २०१८ मध्ये दहा लाखांहून जास्त लोक घेतले, तेव्हा हा आकडा ९०० च्या वर गेला. २०२४ च्या अभ्यासात अशा स्वतंत्र खुणा २,१०० पेक्षा जास्त निघाल्या. यातली एकेक खूण वरच्या आकड्यात सहसा एका अंकाहूनही कमी फरक पाडते. एका खुणेने कुणाचं काही बिघडत नाही. पण सगळ्यांची बेरीज केली, आणि बेरीज सगळ्यात कमी असलेले दहा टक्के लोक सगळ्यात जास्त असलेल्या दहा टक्क्यांशेजारी बसवले, तर त्यांच्या वरच्या बीपीत सरासरी १७ चा फरक दिसतो. हा फरक लहान नव्हे.

म्हणजे घराण्यात बीपी येतं हे खरंच आहे. 'बीपीचं जीन' मात्र असं काही नाही. पत्त्यांच्या हजारो पानांमधून प्रत्येकाला वेगळा डाव येतो, आणि भावंडांच्या डावात निम्मी पानं सारखी असतात, इतकंच.

जुळ्या भावंडांचे आणि दत्तक मुलांचे अभ्यासही हेच सांगतात. कॅनडात माँट्रियलला १९७० च्या दशकात दत्तक मुलं असलेल्या कुटुंबांचे दाब मोजले, तेव्हा सख्ख्या मुलांचे आकडे आईवडिलांशी जितके जुळत होते तितके दत्तक मुलांचे जुळत नव्हते. अशा सगळ्या अभ्यासांतून साधारण असं निघतं, की माणसामाणसातल्या बीपीच्या फरकातला ३० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक असतो.

या वाक्यापाशी मला थांबावंसं वाटतं, कारण सगळी घसरण इथूनच सुरू होते. '३० ते ५० टक्के आनुवंशिक' म्हणजे आत्याच्या १४८ पैकी साठ-सत्तर आकडे जनुकांचे, असं नाही. हे टक्के एका गटातल्या माणसांमधल्या फरकाचे आहेत. तो गट आणि त्याची राहणी बदलली की टक्केही बदलतात.

समजा तुम्ही पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात राहता. वाड्यात दहा नळ. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या नळाला करंगळीएवढी धार, खालच्या बिऱ्हाडात दोन मिनिटांत बादली भरते. कारण काकूंचा पाइप अर्ध्या इंची, आत गंज चढलेला, चावी झिजलेली. वाड्यापुरतं बघितलं तर सगळा फरक पाइपांचाच. आता शेजारच्या पेठेत सगळ्याच नळांना धो धो पाणी असतं. तिथे सगळ्यांचे पाइप नवे आहेत म्हणून? नाही, त्यांची टाकी उंचावर आहे. टाकीची उंची वाड्यातल्या दहाही नळांना सारखीच लागू असते, म्हणून वाड्यात बसून नळांची तुलना करणाऱ्याला टाकी कधी दिसतच नाही.

जनुकांचे बहुतेक अभ्यास वाड्यातल्या नळांचे आहेत. लंडनचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये हा मुद्दा फार नेमका मांडला. केनियातल्या भटक्या पशुपालकांचे दाब आणि लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचे दाब त्यांनी शेजारी शेजारी मांडले. दोन्हीकडे कुणाचं कमी, कुणाचं जास्त, मधे बहुतेकजण, असा आलेख सारखाच. फक्त लंडनचा अख्खा आलेख उजवीकडे सरकलेला. लंडनच्या कचेरीत एकाला बीपी आणि शेजारच्याला नाही, हे का, याचं उत्तर जनुकं देतील. अख्खा आलेख का सरकला, हे कचेरीतल्या कितीही लोकांचा डीएनए तपासला तरी कळायचं नाही.

टाकी बदलते तेव्हा

१९८८ मध्ये इंटरसॉल्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२ देशांमधली ५२ केंद्रं, दहा हजारांवर माणसं. भारतातून दिल्ली आणि लडाख. प्रत्येकाची चोवीस तासांची लघवी साठवून त्यातलं सोडियम मोजायचं. कारण 'मीठ किती खाता' हे विचारून कधीच कळत नाही, ते लघवीतच सापडतं. ब्राझीलच्या जंगलातल्या यानोमामी लोकांकडेही लघवी साठवायचे कॅन गेले. त्यांच्या खाण्यात वरून घातलेलं मीठ नव्हतंच, आणि त्यांचं सरासरी बीपी निघालं ९६/६१ च्या आसपास. आपल्याकडे वय वाढलं की बीपी वाढायचंच असं आपण धरून चालतो. यानोमामींमध्ये विशीतल्या आणि पन्नाशीतल्या माणसांच्या आकड्यांत जवळजवळ फरक नाही.

'त्यांची जनुकंच वेगळी असतील' अशी शंका येते. रास्त आहे. म्हणून पुढचा अभ्यास महत्त्वाचा. व्हेनेझुएलात यानोमामींच्या शेजारच्या प्रदेशात येकवाना नावाचे आदिवासी राहतात. तेही जंगलातलेच, पण त्यांच्या वस्तीजवळ विमानाची धावपट्टी आहे, बाहेरचं खाणं आणि मीठ येतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत येकवानांचं बीपी लहानपणापासूनच वयाबरोबर चढताना दिसलं, आणि पन्नाशीपर्यंत दोन्ही जमातींमधला फरक १६ च्या घरात गेला.

केनियातला पुरावा मला याहून बळकट वाटतो, कारण तिथे लोकही तेच आहेत. पश्चिम केनियाच्या खेड्यांतून लुओ समाजाची माणसं कामासाठी नैरोबीला जात. १९८० च्या दशकात संशोधकांनी गेलेल्यांना शहरात गाठून मोजलं आणि गावी राहिलेल्यांशी तुलना केली. शहरात आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच दाब चढलेले होते. लघवीत सोडियम वाढलं होतं आणि त्या मानाने पोटॅशियम घटलं होतं, म्हणजे ताटातली भाजी आणि कंदमुळं कमी होऊन मीठ वाढलं होतं. इतक्या थोड्या काळात कुणाची जनुकं बदलत नाहीत.

आता सगळ्यात जास्त चर्चा झालेलं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये बीपीचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. त्याचं स्पष्टीकरण म्हणून एक कल्पना फार पसरली: गुलामांच्या जहाजांवर उलट्या-जुलाबांनी आणि घामाने मीठ गेलेली माणसं मेली, अंगात मीठ धरून ठेवणारी वाचली, आणि तीच जनुकं त्यांच्या वंशजांत आली. गोष्ट ऐकायला चटकन पटते. पण गुलामांच्या व्यापाराचे इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की इतिहासाची कागदपत्रं तिला आधार देत नाहीत. जीवशास्त्राचा आधारही तिला मिळाला नाही.

शिकागोचे रिचर्ड कूपर यांनी अंदाज बांधण्याऐवजी कफ बांधले. पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटं आणि अमेरिका, तिन्हीकडे पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांना एकाच पद्धतीने मोजलं. १९९७ चे आकडे: नायजेरिया आणि कॅमेरूनमध्ये बीपी १६ टक्के लोकांना, कॅरिबियनमध्ये २६ टक्के, अमेरिकेत ३३ टक्के. वंशाचं मूळ एकच, आणि समुद्र ओलांडून पश्चिमेकडे जाल तसा आकडा चढतो. २००५ मध्ये त्यांनी युरोप-अमेरिकेतले गोरे लोकही तुलनेत घेतले. कृष्णवर्णीय समाजांमध्ये प्रमाण १४ ते ४४ टक्के, गोऱ्या समाजांमध्ये २७ ते ५५ टक्के. सगळ्यात वर होते जर्मन. जर्मनांच्या बीपीमागे कुठल्या जहाजाची कहाणी शोधायला मात्र कुणी निघालं नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं बीपी सांगायला 'रक्त' पुढे केलं गेलं, आणि वस्ती, पगार, खाणं, उपचार आणि रोजचा अपमान हे मागे राहिलं. शास्त्राच्या नावाखाली झालेला हा अन्याय आहे असं मला वाटतं.

जिथे जनुक खरंच वेगळं आहे

समाजासमाजात जनुकांचा काही फरकच नसतो, असं म्हणणंही चुकीचं होईल. असतो. चीन, जपान, कोरियात साधारण दर तिसऱ्या माणसाकडे दारू पचवणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकात बदल असतो. इतर बहुतेक जगात तो जवळजवळ नाहीच. हा बदल असलेल्याने दोन घोट घेतले की चेहरा लालबुंद होतो, मळमळतं, छाती धडधडते. साहजिकच अशी माणसं कमी पितात. जास्त दारूने बीपी चढतं, म्हणून कमी पिणाऱ्यांचं बीपी कमी. चीनमधल्या पाच लाख लोकांच्या एका अभ्यासात, २०१९ मध्ये, हे पुरुषांत स्वच्छ दिसलं: हा बदल असलेल्यांचं पिणं कमी, दाब कमी, पक्षाघातही कमी.

आणि बायकांमध्ये? जनुकातला बदल तोच, तितक्याच जणींकडे. पण त्या पिढीतल्या चिनी बायका दारू जवळजवळ पीतच नाहीत, आणि त्यांच्या बीपीत काही फरक पडला नाही. एखाद्या नवरा-बायकोकडे हा बदल सारखाच असेल, तरी तो फक्त नवऱ्याच्या दाबाला हात लावतो, कारण पेला फक्त त्याच्याच पुढे येतो. समाजाने वाट करून दिली तरच काही जनुकं बीपीपर्यंत पोचतात, याचं इतकं उघड उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

दुसरं उदाहरण पश्चिम आफ्रिकेचं. तिथल्या लोकांमध्ये एपीओएल१ या जनुकाची दोन रूपं बऱ्यापैकी आढळतात. निद्रारोगाला कारण असलेल्या परजीवीपासून ती संरक्षण देतात, म्हणून टिकली असावीत. पण आई आणि वडील दोघांकडूनही ती आली तर किडनीच्या आजाराचा धोका वाढतो. २०१० मध्ये हे सापडलं. इथे वंशाचा संबंध खरा आहे, मात्र तो आधी किडनीशी आहे.

आणि आपण?

'भारतीय' हा जनुकशास्त्राच्या हिशेबात एक गट नाहीच. आपल्याकडे साधारण दोन हजार वर्षं जातीतच लग्नं होत आली, त्यामुळे एकाच गावातल्या दोन समाजांचा डीएनए एकमेकांपासून ओळखू येण्याइतका वेगळा झाला. तो वाचायचं काम आता सुरू झालंय. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात ८३ समाजगटांमधल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचून झाले आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली.

याची गरज किती आहे, ते एका उदाहरणाने सांगते. आजवर जगात झालेल्या अशा जनुकीय अभ्यासांमध्ये भाग घेतलेल्यांपैकी पाचातले जवळजवळ चार जण युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून बनवलेली जनुकांची बेरीज आपल्याला लावली की ती कमी अचूक ठरते, कारण सापडलेली खूण बहुतेक वेळा खरी गुन्हेगार नसते, ती फक्त गुन्हेगाराच्या शेजारी उभी असते. 'पिंपळाशेजारचं घर' हा पत्ता एका गावात बरोबर लागतो. दुसऱ्या गावात पिंपळ दुसऱ्याच घराशेजारी असतो. म्हणून थुंकी पाठवून 'तुमच्या बीपीचा धोका अमुक टक्के' सांगणाऱ्या चाचण्यांवर मराठी माणसाने आज पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे टाकी बदलल्याचा पुरावा मात्र हाताशी आहे. लंडनच्या पश्चिम भागात स्थायिक झालेले पंजाबी आणि पंजाबात राहिलेली त्यांची सख्खी भावंडं, अशी तुलना १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. लंडनवाल्यांचं वजन जास्त, कोलेस्टेरॉल जास्त, वरचं बीपीही जास्त. लायपोप्रोटीन-ए नावाचा रक्तातला एक घटक जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतो. तो दोन्हीकडे सारखाच होता, आणि गोऱ्या लोकांपेक्षा जास्त. म्हणजे जे जनुकांचं होतं ते विमानात बसूनही बदललं नाही, आणि बीपी बदललं. लेस्टरला किंवा न्यू जर्सीला गेलेल्या भावाचं बीपी गावच्या भावापेक्षा का वाढतं, याचं उत्तर यात आहे. आता तर लंडनलाही जावं लागत नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभराच्या पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना बीपी निघालं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आपण सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो.

घराण्यातून येतं ते सगळं डीएनएतूनच येतं असंही नाही. घराण्यातून लोणच्याची कृतीही येते. याच्या उलटही घडतं: जे परिस्थितीचं वाटत होतं ते जनुकांचं निघतं. ब्रिटनमधल्या डेव्हिड बार्कर यांनी दाखवलं होतं, की जन्मतः वजन कमी असलेल्यांना पुढे बीपी जास्त होतं, आणि याचा दोष त्यांनी गर्भातल्या उपासमारीला दिला. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या गावांतल्या बाळांवर केलेलं काम याच विचाराच्या ओघातलं. त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण २०१९ मध्ये युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की तिथे या नात्याचा बराच भाग वारशाचा आहे. आईची दाब वाढवणारी जनुकं गर्भाचं वजन घटवतात, आणि तीच जनुकं पुढे बाळाकडेही जातात. जिथे आईच्या पोटालाच पुरेसं मिळत नव्हतं अशा गावांना हे उत्तर जसंच्या तसं लावता येणार नाही. पण बार्करांची मांडणी मी पूर्वी डोळे मिटून सांगत असे, ती आता जपून सांगते.

औषधांचं काय? ब्रिटनमध्ये आफ्रिकी किंवा कॅरिबियन वंशाच्या रुग्णाला पहिली गोळी वेगळ्या प्रकारची देण्याचा सल्ला आहे, आणि गटाच्या सरासरीचा विचार केला तर त्याला आधारही आहे. आफ्रिकेतल्या सहा देशांमध्ये झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲम्लोडिपिन हे बीपीचं औषध असलेल्या दोन औषधांच्या जोड्या ॲम्लोडिपिन नसलेल्या जोडीपेक्षा सरस ठरल्या. आपल्यासाठीही कुठली तरी खास 'भारतीय' जोडी असेल का, हे बघायला भारतातच जवळजवळ दोन हजार रुग्णांवर टॉपस्पिन नावाची चाचणी झाली. २०२४ मध्ये निकाल आला: तिन्ही जोड्या सारख्याच गुणकारी. साधारण ७० टक्के रुग्णांचं बीपी सहा महिन्यांत आटोक्यात आलं. आपलं दुखणं गोळी न सापडण्याचं नाही. ती रोज न घेण्याचं आहे, आणि त्याहून जास्त, कधी मोजलेलंच नसण्याचं.

जनुकांचा डाव वाईट आलेल्यांसाठी सगळ्यात दिलासा देणारा निकाल ब्रिटनच्या बायोबँकेतला, म्हणजे लोकांचे डीएनए आणि आरोग्याच्या नोंदी साठवणाऱ्या प्रकल्पातला आहे. तिथे लाखो लोकांना आनुवंशिक धोक्यानुसार कमी, मध्यम, जास्त अशा गटांत विभागलं. चांगली राहणी असलेल्यांचं वरचं बीपी तिन्ही गटांत काही अंकांनी कमी होतं, जास्त धोक्याच्या गटातही तितकंच. आणि चीनच्या ६०० खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, तेव्हा पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. किडनीचा आजार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, पण त्या खेड्यांत कुणाच्याही डीएनएला हात लागला नव्हता हे लक्षात घ्या.

भाऊबीजेच्या दिवशी हे सगळं आत्याला सांगितलं नाही. तिला एवढंच म्हटलं, "आत्या, घराण्यात आहे ना, मग ओंकारचंही मोजू." तिचा नातू, चोवीस वर्षांचा. "त्याचं कशाला, पोर आहे तो," ती म्हणाली. तो नुकताच तीन जिने चढून आला होता. पहिला आकडा १३६ आला आणि आत्याचा चेहरा उतरला. त्याला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, फोन बाजूला ठेवून पाच मिनिटं बसवलं आणि पुन्हा मोजलं. १२६/८०. आत्याने पिशवीतून आपली वही काढली, नवं पान उघडून वर त्याचं नाव घातलं आणि दोन्ही आकडे तारखेसकट लिहिले.